लाइने की पुल्युयार्वी?

जानेवारी 2016, हेलसिंकी. वीस वर्षांखालील जागतिक आइस हॉकी स्पर्धेत फिनलंडने सुवर्ण जिंकलं. आक्रमणात मधोमध सेबास्टियन आहो, त्याच्या दोन्ही बाजूंना पॅट्रिक लाइने आणि येसे पुल्युयार्वी. या दोघांत मोठा कोण? सर्वोत्तम खेळाडू ठरला पुल्युयार्वी, 17 गुणांसह (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून). एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या हॉकी लीगचे संघ ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू क्रमाने निवडतात; तिथे मात्र लाइनेला विनिपेगने दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, पुल्युयार्वीला एडमंटनने चौथ्या.

लाइनेने पहिल्याच मोसमात 36 गोल ठोकले. टोरोंटोविरुद्ध 0-4 अशा पिछाडीवरून विनिपेग जिंकलं, तेव्हा हॅटट्रिक पूर्ण करणारा जादा वेळेतला विजयी गोल या अठरा वर्षांच्या पोराचाच. पण त्याआधी तो ताप्परा संघाकडून फिनलंडची लीग जिंकून आला होता, हे विसरू नये.

पुल्युयार्वीनेही पदार्पणातच गोल केला. त्यानंतरच्या 27 सामन्यांत एकही नाही, असं होऊन त्याची रवानगी दुय्यम लीगमध्ये झाली. पुढे नितंबाच्या सांध्याची शस्त्रक्रियाही झाली. 2019-20 मध्ये तो मायदेशी कार्पात संघाकडे परतला, 56 सामन्यांत 53 गुण मिळवले आणि पुन्हा एडमंटनला गेला.

आकडे बघितले तर लाइने कितीतरी पुढे. तरी मला पुल्युयार्वीचं ते एक वर्ष मोठं वाटतं. एकविसाव्या वर्षी एनएचएल सोडून घरी परतायला जिगर लागते.