९ महिन्यांनंतर: रविवारच्या प्रशिक्षणाचं माझ्या वर्गात काय झालं

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. हे सरकारी प्रशिक्षण नव्हतं. पदरचे २,००० रुपये भरून, रविवार मोडून केलेलं होतं. एका संस्थेचं, बालकेंद्री अध्यापनाचं. जूनमध्ये अंबाजोगाईला दोन दिवस मुक्कामी, मग दर तीन आठवड्यांनी एक रविवार, आणि मधेमधे त्यांची मार्गदर्शक ताई आपल्या वर्गात येऊन बसणार. मार्चमध्ये संपलं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं तक्रारी बऱ्याच आहेत आणि माणसं मनानं चांगली आहेत.

माझी शाळा धारूरच्या डोंगरपट्ट्यात, तांड्यावर. द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. माझ्या दोन्ही वर्गांत मिळून पटावर १९ लेकरं. दसरा झाला की गाड्या भरायला लागतात, आणि दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा पटावर १९ अन् वर्गात १०. बाकीची आई-बापासोबत ऊसतोडीला, साखर कारखान्यावर. जी मागं राहतात ती आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली, शाळेत माझी मराठी, आणि पुस्तकात तिसरीच कुठली तरी मराठी.

प्रशिक्षण म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, त्याला कारण आहे. डी.एड.ला आम्ही हर्बार्टची पंचपदी घोकली, म्हणजे पाठ शिकवायच्या पाच ठरावीक पायऱ्या. प्रस्तावना, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) असं सगळं पाठ टाचणात लिहायचं, आणि हेतुकथन चुकलं की मार्क गेले. २०१० ला शिक्षणसेवक म्हणून लागले. २०१५ ला २२ जूनचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं या विचाराची, लाट आली. साताऱ्याच्या कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडं असलेला शाळांचा गट म्हणजे बीट) शाळा बघायला ठिकठिकाणचे शिक्षक गाड्या करून गेले. तिथल्या विस्तार अधिकारी बाईंनी आणि शिक्षकांनी खरंच काहीतरी उभं केलं होतं. आम्ही तिथून काय आणलं? ऑइलपेंट. वर्गाच्या फरशीवर गोल, चौकोन, अक्षरं, संख्या रंगवल्या. माझ्या वर्गातली फरशी आता निम्मी उडालीय. ‘१ ते १००’ मधले सत्तरच्या घरातले आकडे पायांनी पुसलेत, तिथं पोरं दप्तरं ठेवतात.

म्हणून जूनमध्ये गेले ती अर्ध्या मनानंच. पहिला दिवस तसाच निघाला. गोलात बसा, नावाबरोबर एक कृती करा, टाळ्या वाजवा. पन्नाशीच्या सरांना पंचविशीची पोरगी ‘दादा’ म्हणतेय आणि सर गुडघा धरून सतरंजीवर बसायचा प्रयत्न करतायत. जेवणाच्या सुट्टीत दोघं-तिघं गावाकडं निघूनही गेले. मीही एसटीचं वेळापत्रक बघून ठेवलं होतं.

दुपारी मात्र एक गोष्ट झाली. त्यांनी आम्हाला पाचाच्या गटात मोजायला लावलं. आपले नेहमीचे अंक बंद. प्रत्येक संख्येला एक नवंच चिन्ह, आणि पाच झाले की पुढचं घर. शिकवणारा मुद्दाम घाईत बोलत होता. “सोपंय, लक्ष द्या. समजलं का?” सगळे म्हणाले, “हो.” मीही म्हणाले. मग त्यानं मला फळ्यावर बोलावलं. हातात खडू, मागं तीस माणसं, आणि डोक्यात काहीच नाही. कानशिलं गरम झाली. बाजूच्या मॅडमनी हळूच बोटांनी खूण केली ती मी फळ्यावर उतरवली आणि बरोबर आली. शाबासकी मिळाली. जागेवर येऊन बसले तेव्हा मला त्यातलं ओ की ठो समजलं नव्हतं, आणि ते कोणाला कळूही द्यायचं नव्हतं. “सोपंय, लक्ष द्या” हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन, याचा हिशोब मी त्या रात्री मुक्कामाच्या हॉलमध्ये करत पडले होते. एसटीचा विचार तिथंच सुटला.

या सगळ्या प्रशिक्षणात पैसे वसूल झाले ते वर्गभेटींमध्ये. ऑगस्टमध्ये ती ताई पहिल्यांदा आली. तपासणीला साहेब येतात तसं नाही; पोरांच्या रांगेत शेवटी बसली आणि गुपचूप लिहीत राहिली. तास संपल्यावर एक कागद हातात दिला. मधोमध रेघ, डावीकडं माझं बोलणं, उजवीकडं लेकरांचं. डावी बाजू खच्चून भरलेली. उजवीकडं एकेक शब्द आणि तीनदा ‘होऽऽ’. ४० मिनिटांत मी ५३ प्रश्न विचारले होते. ‘समजलं का’ ११ वेळा. तिनं शेरा एकही लिहिला नव्हता. मला वाटतं शेरा असता तर मी तिच्याशी भांडले असते.

मग तिनं एक माहिती सांगितली ती ऐकून मी आधी हसले. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग ऐकून काढलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी पोरं तोंड उघडतात. एवढंच? तीन सेकंद? करून बघा. वर्गापुढं उभं राहून, प्रश्न विचारून, काहीही न बोलता तीन सेकंद. चपलेत अंगठा तीनदा दाबायची मी सवय लावून घेतली. पहिला आठवडा जीभ आवरेना. सर शेजारच्या खोलीतून डोकावून गेले, “मॅडम, बरं नाही का?”

त्या थांबण्यातून जे हाती लागलं ते सांगते. सप्टेंबरमध्ये हातच्याची वजाबाकी चालू होती. ४२ वजा १७. चौथीतल्या एका पोरीनं लिहिलं ३५. पूर्वीची मी असते तर लाल पेनानं फुली मारून फळ्यावर पुन्हा एकदा ‘शेजारच्याकडून उसना घ्या’ सुरू केलं असतं. या वेळी विचारलं, “कसं केलंस?” अंगठा तीनदा. चारदा. मग ती म्हणाली, “सातातून दोन गेले पाच. चारातून एक गेला तीन.”

“पण सात खाली आहेत ना गं, वरच्यातून काढायचे.”

“मॅडम, मोठ्यातूनच लहान जातं. तुम्हीच सांगितलं.”

सांगितलं होतं. तिसरीत असताना, मीच, याच वर्गात. ‘लहानातून मोठं जात नाही’ हे मी गेली पंधरा वर्षं सांगत आले. पोरगी चुकली नव्हती, तिनं माझा नियम तंतोतंत पाळला होता. तिच्याआधी अशी किती ३५ मी खोडली असतील.

प्रशिक्षणात काड्यांचे गठ्ठे करून दाखवले होते, तसे काढले. दहाच्या चार जुड्या आणि दोन सुट्या. म्हटलं, यातल्या सतरा मला दे. तिनं एक जुडी उचलून दिली. मग दोन सुट्या दिल्या. मग थांबली. मीही थांबले. मागून एक पोरगा, जो एरवी हजेरीला सुद्धा मान डोलावतो, ओरडला, “मोळी सोड की!”

मोळी. उसाची मोळी. माझ्या वर्गात ऊसतोड्यांची लेकरं आहेत आणि पंधरा वर्षांत दशकाला मोळी म्हणावं हे मला सुचलं नव्हतं. प्रशिक्षणवाल्यांनाही नाही, ते आपले काड्या आणि रबरबँड घेऊन आले होते. पोरीनं मोळी सोडली, पाच काड्या आणखी काढल्या, आणि उरलेल्या मोजल्या. दोन मोळ्या, पाच सुट्या. पंचवीस. मग तिनं वहीतल्या ३५ कडं बघितलं आणि स्वतःच खोडलं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात ‘उसना घ्या’ बंद. वजाबाकीत मोळी सोडायची, बेरजेत मोळी बांधायची. पुढं बेरजेत दहाच्या वर सुटे झाले की पोरं आपसूक म्हणतात, “बांधा.”

आता तक्रारी.

व्हिडिओ. जेवढे दाखवले तेवढे सगळे शहरातल्या शाळांचे. गालिचा, खिडकीत पुस्तकं, एका वर्गाला एक बाई. माझ्याकडं दोन वर्ग, त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मधेच मतदार यादीचं काम. तिसरीला गटात बसवून चौथीकडं वळावं तर दहा मिनिटांत तिसरी अंगणात. बहुवर्ग शिकवण्यावर १२ रविवारांत मिळून एक तास झाला असेल. मराठवाड्यातल्या शिक्षकांसाठी कार्यक्रम आखता आणि हाच विषय पातळ ठेवता, हे मला कळलेलं नाही.

भाषेचंही तसंच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथं मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, मूल भीतीपासून मुक्त असावं, हे लिहिलेलं आहे, आणि ते त्यांनी आम्हाला वाचूनही दाखवलं. मी विचारलं, “माझ्या लेकरांची मातृभाषा गोरमाटी आहे, काय करू?” उत्तर आलं, “तुम्ही संदर्भानुसार ठरवा.” ठरवलं. एका आजीला वर्गात बोलावलं. तिनं गोष्ट सांगितली, पोरांनी ती मला मराठीत समजावली, मी फळ्यावर लिहिली. माझे उच्चार ऐकून पोरं लोळून हसली. ‘याडी’ म्हणजे आई, एवढा एक शब्द मला आधीपासून येत होता, त्यावर मी इतकी वर्षं काढली होती.

एक पूर्ण रविवार विचारवंतांवर होता. पियाजे, व्हायगॉट्स्की, ड्युई. ऐकायला वाईट नव्हतं. पण ताराबाई मोडकांवर अर्धं मिनिट, अनुताई वाघांचं नुसतं नाव. १९४५ ला बोर्डीला ताराबाईंनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं अनुताईंसोबत आदिवासी पोरांसाठी कुरणशाळा काढली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी कारखान्यावर काढलेल्या साखरशाळाही तसलाच विचार. ज्यांचा निम्मा वर्ग नोव्हेंबरात गाडीत बसून जातो त्यांना यातलं जास्त कामाचं काय, हे मी त्यांच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहून दिलंय.

आणि खरं दुखणं तिथंच आहे. त्यांचा एक तक्ता होता, जूनची पातळी आणि मार्चची पातळी. प्रत्येक मुलाची भरायची. मार्चमध्ये माझ्या १९ पैकी ९ ओळी रिकाम्या. ताईनं विचारलं, “ही गैरहजर का?” गैरहजर नाहीत हो. ती तिकडं ऊस गोळा करतायत, धाकट्याला सांभाळतायत. तक्त्यात त्याला रकाना नव्हता, म्हणून मी शेऱ्यात ‘कारखाना’ लिहिलं. अहवालात माझ्या शाळेची प्रगती १० लेकरांची निघाली आणि ती चांगली दिसतेय. मोळी सोडणारी पोरगी त्या ९ मध्ये आहे.

बारीकसारीकही सांगून टाकते. चिंतन वही भरायची असते. पहिले दोन महिने मनापासून भरली, मग रविवारी सकाळी एसटीत. ग्रुपवर फोटो टाकायचा आग्रह सुरुवातीला फार होता. पोरं गटात बसलेली दिसली की अंगठे पडायचे, गटात काय चाललंय ते कोणी विचारायचं नाही. नंतर बोलून बोलून कमी झालं. प्रमाणपत्राचा वरिष्ठ वेतनश्रेणीला काडीचा उपयोग नाही, तिला शासनाचं वेगळं प्रशिक्षण लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत असं म्हटलंय. तास मोजायला सोपे असतात, हेही यातून कळलं. माझे निम्मे तास वाया गेले, आणि त्या ४० मिनिटांच्या कागदाला तोड नाही.

रविवारांचा भार घरावर पडतो, हे बायकांनी आधी धरून चाला. माझे दोन रविवार बुडाले, एक सासूबाईंच्या दवाखान्यामुळं, एक लग्नसराईत. त्याच सत्राला बुडालेल्या सरांना कोणी कारण विचारलं नाही, मला तिघांनी विचारलं.

कोणी करावं? नवीन लागलेल्यांनी लगेच करू नये, असं माझं मत. आधी दोन-तीन वर्षं आपल्या चुका साठू द्या, मग त्या कागदावर बघायला मिळतात. दहा-पंधरा वर्षं झालेल्या आणि ‘आता आपल्याला काय शिकवणार’ म्हणणाऱ्यांनी जरूर करावं. ज्यांना वर्गात कोणी येऊन बसलेलं खपत नाही त्यांनी पैसे वाचवावेत. नुसत्या रविवारांसाठी मी २०० रुपयेही दिले नसते.

दुसऱ्या वर्षासाठी विचारणा झाली आहे. मी एकच अट घातलीय: एक वर्गभेट जूनमध्ये नको, डिसेंबरमध्ये ठेवा, आणि ती माझ्या शाळेत नको. माझी ९ लेकरं त्या वेळी ज्या कारखान्याच्या अड्ड्यावर असतील तिथं ताईला घेऊन जाते, माझ्या रजेतून. तिथं पाचटावर बसून ती काय लिहिते ते मला बघायचंय.

“बघू” म्हणालेत.