कुमासी की कंपाला? आफ्रिकेतला एकच दरबार पाहायचा असेल तर

आफ्रिकेतला एखादा तरी जिवंत दरबार पाहायचाय, पण खिसा एकाच खेपेपुरता आहे, अशा वेळी घानातलं कुमासी की युगांडातलं कंपाला, इथे घोडं अडतं. माझंही अडलं होतं. आधी कंपाला केलं, नंतर कुमासी. राजे दोन्हीकडे आहेत आणि पक्षीय राजकारण दोघांनाही राज्यघटनेने वर्ज्य आहे, तेव्हा त्यात शिरत नाही.

सोयीचं कंपालाच. बुगांडा हे युगांडातलं जुनं राज्य, त्याचा राजा म्हणजे कबाका, आणि त्याची महत्त्वाची ठिकाणं शहरातच आहेत. मेंगोला लुबिरीचा वाडा, तिथून निघालेला सरळ रस्ता, दुसऱ्या टोकाला बुलांगे ही राज्याच्या कारभाराची इमारत. वाटेतल्या चौकात सगळी दुनिया वळसा घालून जाते. कबाकासाठी मात्र मधोमध फाटक ठेवलंय. मला ते फाटक फार आवडलं. कासुबीला चार कबाकांच्या समाध्या आहेत. 2010च्या आगीनंतर त्या पुन्हा शाकारल्या, आणि 2023मध्ये युनेस्कोच्या धोक्यातल्या यादीतून बाहेर आल्या. जेवायला गुजराती थाळीही मिळते.

बिनसलं ते लुबिरीत. 1966मध्ये युगांडाच्या सत्तेवर असलेल्या मिल्टन ओबोटेच्या सैन्याने वाड्यावर हल्ला केला, तेव्हाचे कबाका मुतेसा दुसरे परागंदा झाले आणि 1969मध्ये लंडनला वारले. त्यांचे पुत्र मुतेबी 1993मध्ये गादीवर आले खरे, पण या वाड्यात राहत नाहीत. तो बाहेरूनच पाहायचा. आमच्या गाइडने दारापाशी मिनिटभर उभं केलं आणि तडक त्याच आवारातल्या, हुकूमशहा ईदी अमीनच्या कोठड्यांकडे नेलं. अंधार, ओल, भिंतींवर खरडलेली अक्षरं. ते पाहायलाच हवं, नाही म्हणत नाही. पण मी राजा पाहायला गेलो होतो, आणि रात्री डोळ्यांपुढे अमीन. उरलेले दोन दिवसही मनातून तो गेला नाही. तुमचं कदाचित तसं होणार नाही.

कुमासीत अडचण पंचांगाची. अक्वासिदाए हा दरबाराचा सण दर 42 दिवसांनी, रविवारी येतो. तारीख न पाहता गेलात तर मान्हिया राजवाड्यातलं संग्रहालय बघून परत. मी आधी रविवार शोधला, मग रजा टाकली. 1999पासून गादीवर असलेले असांतेहेने, म्हणजे असांते लोकांचे राजे, ओसेई तुतु दुसरे समोर बसलेले, नगारे छातीत घुमताहेत, सरदार एकेक करून मुजऱ्याला येताहेत. राजाशी थेट बोलायचं नाही. सोनेरी दंड घेतलेला ओक्येआमे, म्हणजे राजाचा प्रवक्ता, मध्ये. असांते राज्याची खूण असलेल्या ज्या सोन्याच्या आसनासाठी 1900मध्ये एजिसूची राजमाता याआ असांतेवा इंग्रजांशी लढली, ते मात्र सहसा कुणाच्या दृष्टीला पडत नाही. त्यावर राजाही बसत नाही.

संग्रहालयात तेव्हा इंग्रजांनी 1874मध्ये कुमासीतून केलेल्या लुटीतल्या काही वस्तू होत्या, 2024मध्ये लंडनहून उसन्या आलेल्या. त्यातल्या काही ज्या संग्रहालयातून आल्या, तिथूनच त्याच साली वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर. पाटीवरचा ‘उसनवार’ मला जरा जास्तच वेळ वाचावा लागला.

गोरिला पाहायला युगांडाला जाणारच असाल तर कंपालाला दोन दिवस जरूर द्या. नुसत्या दरबारासाठी निघणार असाल, तर मी आपला कुमासीचा रविवार शोधेन. जेवणात रेड-रेड मागा, चवळीची उसळ आणि तळलेली केळी. मासळी नको असेल तर आधीच सांगा. आणि टोपी न्या. अब्दागिऱ्या भरपूर असतात, पण सगळ्या सरदारांच्या डोक्यावर.