4,600 रुपयांचे नकली टेस्टर: वायरमन भावांनो, खिसे तपासा

तार न सोलता नुसता जवळ नेला की बीप करतो तो टेस्टर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या खिशात असेल. कुठून घेतलाय ते आज जरा आठवा.

मी इथल्याच एका दुकानातून चार घेतले. 1,150 प्रमाणे 4,600 रुपये, रोख. खोक्यावर नावाजलेली कंपनी, छापील किंमत 3,450. दुकानदार म्हणाला, "कस्टमचा माल आहे अण्णा, ओरिजिनलच की." स्वस्तात मिळाला म्हणून भुललो असं कुणी म्हणू नका. हाताखाली तीन पोरं आहेत, प्रत्येकाकडे चांगली वस्तू असावी म्हणून घेतले.

काउंटरवरच कळायला हवं होतं, हे आठवलं की अजून डोकं फिरतं. बोर्डाजवळ नेला, वाजला. हातभर मागं घेतला तरी वाजतच राहिला. विचारलं तर म्हणे, "सेन्सिटिव्ह आहे, भारीतला असाच असतो." बिल मागितलं तर "18 टक्के वेगळे पडतील." आता कच्च्या चिठ्ठीवर माल आपल्या धंद्यात कोण घेत नाही, सांगा! टेस्टरच्या अंगावर कॅट फोर (सुरक्षेचा सगळ्यात वरचा दर्जा), 1000 व्होल्ट असं ठसठशीत छापलेलं. छापायला काय जातंय?

सोलापुरात अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात लूमच्या मोटारीचा स्टार्टर बदलायचा होता. एमसीबी, म्हणजे पॅनलमधला सप्लाय तोडायचा खटका, पाडली. पोरानं टेस्टर लावला, गप्प. हिरवा दिवा चालू, म्हणजे टेस्टर ठीक. सकाळी चालू सॉकेटवर वाजवूनही बघितला होता, तेव्हा वाजला होता. पण पॅनलवरच्या चिठ्ठ्या कुणीतरी उलट्या चिकटवलेल्या, पाडलेली एमसीबी भलत्याच मागाची. टर्मिनलला बोट लागलं आणि पोरगं स्टुलावरून मागं फेकलं गेलं. कोपराला टाके, दवाखान्याचे 2,340 रुपये मी भरले.

रात्री तो टेस्टर फोडला. टोकापर्यंत जायला हवी ती सेन्सरची वायर पेराएवढी अलीकडेच सुटलेली, सोल्डरचा डाग नावापुरता. हिरवा दिवा थेट सेलला जोडलेला. सर्किट मेलं तरी तो जळणारच!

दुकानदार म्हणतो, "माझ्याकडचा कशावरून?" पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, बिल कुठंय? दुसरा प्रश्न, पोरगं मेलं का? नाही ना, मग ग्राहक मंचात जा. एका सरकारी कार्यालयात सांगितलं, छापील किमतीची तक्रार असेल तर द्या, नकली माल आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतो? साहेब जेवायला गेलेत, उद्या या. उद्या गेलो तर साहेब मीटिंगला. कंपनीच्या डीलरनं हातात घेऊन लगेच सांगितलं, हा आमचा नाही. लेखी द्यायला मात्र तयार नाही. कारखान्याचे मालक तर म्हणतात, अपघाताचं नावच काढू नका. पोराच्या आईला उत्तर मीच द्यायचं, यांच्यापैकी कुणी नाही.

आणि अस्सल टेस्टर असला तरी ऐका. वाजला नाही म्हणजे सप्लाय बंद, असं धरू नका. कामाच्या जागीच आधी चालू पॉइंटवर वाजवा, मग तार तपासा, मग परत चालू पॉइंटवर. लोखंडी पाइपातल्या किंवा आर्मर्ड (धातूचं कवच असलेल्या) केबलवर तो गप्पच राहतो. सोलर पॅनलच्या डीसीवर तर काहीच सांगत नाही. लाकडी स्टुलावर उभं राहूनही दगा देऊ शकतो. उलट शेजारच्या चालू वायरीमुळे बंद तारेवरही वाजतो. हात घालण्याआधी दोन टोकांचा टेस्टर किंवा मीटर लावा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, थ्री फेज असेल तर फेज-फेजसुद्धा. एमसीबी पाडली की कुलूप घाला, किल्ली आपल्या खिशात.

18 टक्के गेले तरी चालतील, बिल घ्या. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात (तोच पूर्वीचा ग्राहक मंच) दोन वर्षांच्या आत जावं लागतं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. माझ्याकडे त्या दुकानाचं कार्ड आहे, मागं त्याच्याच अक्षरात "4 नग, 4600". तेवढ्यावर तक्रार टाकतोय. अशीच चिठ्ठी आणखी कुणाकडे असेल तर फाडू नका, सोबत या.