शाब्ली प्यायची तर पांढऱ्या रश्श्यासोबत

शाब्ली म्हणजे फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावची पांढरी वाइन. मी घेतली ती ला शाब्लिझिएन या तिथल्या संस्थेची साधी शाब्ली, २०२२ सालची, ७५० मिलीची बाटली. साडेतीन हजारांच्या पुढं पडली. कोल्हापुरात ती दुकानात मांडलेली नसते, सांगून पुण्याहून मागवावी लागते. या पैशात काय मिळतं, तर स्वच्छ, तरतरीत आंबटपणा मिळतो. मला तो फार आवडला, म्हणून हे लिहितोय.

रंग फिकट, कडेला किंचित हिरवट. वासात आधी लिंबाची साल, मग हिरवं सफरचंद, आणि मागून ओल्या दगडाचा वास. घोट घेतला की जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं. गोडी नाही. लाकडाचा किंवा व्हॅनिलाचा वासही नाही, कारण साधी शाब्ली बहुतेक स्टीलच्या टाकीतच ठेवतात. गिळल्यावर हलकी खारट चव उरते आणि बराच वेळ उरते.

तासगावच्या मामांची हयात द्राक्षबागेत गेली. त्यांना घोटभर दिली तर पहिला प्रश्न आला, "आरं, ही द्राक्षं आधीच तोडल्यात व्हय?" शेतकऱ्यानं विचारावा असाच प्रश्न. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात घडात साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. शाब्ली हे गाव पॅरिसच्या आग्नेयेला, साधारण १८० किलोमीटरवर, सरँ नदीकाठी आहे. कागदोपत्री बर्गंडी या फ्रेंच वाइनप्रांतात, पण बर्गंडीच्या मुख्य बागांपेक्षा शॅम्पेनच्या बागा तिथून जवळ. उन्हाळा लहान, रात्री गार. शार्दोने हे एकच द्राक्ष लावायची परवानगी. घड सप्टेंबरपर्यंत सावकाश पिकतो, साखर भरते, तरी आंबटपणा टिकतो. द्राक्ष पुरतं पिकलेलं असतं, फक्त थंडीत पिकलेलं. हीच शार्दोने उष्ण मुलखात लावली की वाइन अननस-आंब्याच्या वासाकडं झुकते.

मामांना सगळ्यात भिडलं ते तिथल्या गोठवणाऱ्या रात्रींचं संकट. आपली छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. तिथं वेल हिवाळाभर झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटतात. एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि नेमका तेव्हाच एखाद्या रात्री पारा शून्याखाली जातो. पोंगा, म्हणजे कोवळी फूट, काळा पडला की त्या वर्षाचं पीक गेलं. मग रात्रभर बागेत मोठ्या मेणबत्त्या आणि तेलाच्या शेगड्या जळत ठेवतात. आपल्याकडं निफाडला कडाका पडला की बागेत शेकोट्या पेटवतात, त्यातलाच प्रकार. दुसरा उपाय पाण्याचा. तुषार सिंचन चालू करून फुटीवर मुद्दाम बर्फ धरू देतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळं आतली फूट शून्याच्या आसपास राहते आणि वाचते. पहाटेपर्यंत पाणी बंद पडता कामा नये. "लाईट गेली तर?" मामांनी लगेच विचारलं.

हे उपाय येण्याआधी हा भाग जवळजवळ संपलाच होता. आधी फिलॉक्सेरा किडीनं बागा खाल्ल्या, मग रेल्वेनं फ्रान्सच्या दक्षिणेतली स्वस्त वाइन पॅरिसला पोचवली. १९५० च्या दशकात जेमतेम ५०० हेक्टर उरले होते. आज साडेपाच हजारांहून जास्त आहेत. तरीही एप्रिल २०२१ मध्ये थंडीनं मोठं नुकसान केलंच. ही बाटली भरणारी ला शाब्लिझिएन १९२३ पासूनची शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे आणि शाब्लीच्या एकूण वाइनपैकी जवळपास चौथा हिस्सा तिचा. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला सहकारातनं इतका नेमका माल निघालेला बघून बरं वाटतं.

मातीबद्दल विक्रेते फार बोलतात. चुनखडी आणि चिकणमातीचे हे किमरिजियन थर म्हणजे साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. त्यात स्वल्पविरामासारखी वळलेली बारीक कालवांची शिंपलं खच्चून भरलीत. जोतिबाच्या डोंगराचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे ही कालवं त्याच्या दुप्पट जुनी. पण शिंपल्यांची चव मुळांतून घडात येते, हे मला पटत नाही. चुनखडीतून पाणी निचरतं, चिकणमाती गरजेपुरती ओल धरते आणि वेल माजत नाही. जमिनीचं काम हे. चवीतला ताठपणा मुख्यतः थंडीचा.

आता जेवण. तांबड्या रश्श्यासोबत ही उघडू नका. तिखटानं जीभ पेटलेली असताना आंबटपणा बोचतो आणि बाकी काही कळत नाही. पांढऱ्या रश्श्यासोबत मात्र जमते. नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू आणि मटणाचं स्निग्ध पाणी, हे सगळं तोंडात बसतं आणि शाब्लीचा घोट ते धुऊन काढतो. पुढची वाटी पहिल्या वाटीसारखीच लागते. मिरं-लवंग जपून, हिरवी मिरची अगदी नावाला. रत्नागिरीहून सासूबाईंनी कालवं पाठवली होती. तूप, लसूण, मीठ एवढ्यावरच परतली आणि वरून लिंबूसुद्धा पिळलं नाही, ते काम वाइननं केलं. त्या दिवशी ती सर्वांत चांगली लागली.

फ्रीजमधनं काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. बर्फगार असताना निम्मा वास मिटलेला असतो. दुकानात काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी ठेवलेली बाटली घेऊ नका, भाव कमी केला तरी. एका दुकानातली तसली बाटली आमटीत ओतावी लागली.

वरच्या दर्जाच्या प्रेमिये क्रू आणि त्याहून वरच्या ग्राँ क्रू बाटल्याही असतात. ग्राँ क्रू म्हणजे नदीच्या उजव्या काठावरच्या एकाच उतारावरचे ७ तुकडे, सगळे मिळून जेमतेम १०० हेक्टर. त्या महाग आणि वर्षानुवर्षं ठेवायच्या. घरच्या पांढऱ्या रश्श्याला साधी शाब्लीच घ्या, आणि चार माणसांत एकच बाटली उघडा.