ज्वालामुखीतील पाण्याचा माग: स्वयंविभव की रोधकता?

नाशिक परिसरात पाण्याचा भूभौतिक अभ्यास करायचा म्हटले की विद्युत रोधकता (जमीन विजेला किती अडवते ते मोजणे) हीच पद्धत प्रथम आठवते, कारण बोअरची जागा ठरवताना ती अनेकांनी पाहिलेली असते. जागृत ज्वालामुखींच्या पोटातील पाण्याचे अभिसरण समजून घेण्यासाठी मात्र स्वयंविभव (जमिनीत आपोआप निर्माण होणारे व्होल्टेज मोजणे) ही पद्धतही अनेक दशके वापरली जात आहे. हवाईतील किलाउआ, इटलीतील स्ट्राँबोली आणि रीयुनियन बेटावरील पितों द ला फुर्नेझ येथे असे सर्वेक्षण झाले आहे. यांतील शेवटचा ज्वालामुखी आपल्याला अगदीच परका नाही: तो ज्या तप्तबिंदूवर (पृथ्वीच्या पोटातून उष्ण द्रव्य वर येण्याच्या ठिकाणावर) आज धगधगतो, त्यातूनच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ब्रह्मगिरीचा कातळ घडवणारा दख्खनचा लाव्हा आला, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात.

रोधकता मोजताना दोन सळयांमधून जमिनीत वीजप्रवाह सोडून अन्य दोन सळयांमधील विभवांतर, म्हणजे व्होल्टेजमधील फरक, टिपतात; स्वयंविभवात काहीही न सोडता जमिनीत मुळातच असलेले विभवांतर मोजतात. खडकातील छिद्रांच्या भिंतींवर सहसा ऋण प्रभार असल्याने पाण्यातील धन आयन त्यांच्यालगत जमतात, आणि पाणी वाहू लागले की त्यांतील काही त्याच्याबरोबर ओढले जाऊन प्रवाहाच्या दिशेने विभव वाढतो. म्हणूनच पाऊस मुरणाऱ्या उतारावर वर चढत जावे तसा विभव घटतो, तर माथ्याजवळ, जिथे तापलेले पाणी वर येते, तिथे तो पुन्हा चढतो. पाणी उतरते कुठे आणि उसळते कुठे, हे एवढ्या थेटपणे रोधकता सांगू शकत नाही.

तिची दुसरी अडचण अशी की कमी रोधकता म्हणजे पाणीच, असे नव्हे. पाणी भरलेला भेगाळ बेसाल्ट, लाव्हाथरांमधला तांबडा चिकणमातीचा पट्टा आणि ज्वालामुखीत उष्ण पाण्याने कुजून माती झालेला खडक हे तिन्ही जवळपास सारखेच दिसू शकतात. उलट स्वयंविभवावरून खोली निश्चित काढता येत नाही, आणि पाणी फार खारट असेल तर संकेत क्षीण होतो. ज्वालामुखींवर या दोन्ही पद्धती जोडीने वापरतात, ते याच कारणाने.

नाशिकमध्ये तो उष्ण, वर येणारा प्रवाह नाही. उरते ते मुरणारे आणि पाझरणारे पाणी. बोअर घ्यायची असेल तर माझे मत निःसंशय रोधकतेच्या बाजूने आहे, कारण तेथे थरांची खोली कळणे आवश्यक असते. पाझर तलावाची गळती शोधायची असेल किंवा त्र्यंबकच्या डोंगरउतारावरील झऱ्याला पाणी कोणत्या बाजूने येते हे पाहायचे असेल, तर पावसाळ्यानंतर लगेच स्वयंविभव घ्यावा. उन्हाळ्यात कोरड्या कातळावर इलेक्ट्रोडचा जमिनीशी संपर्कच नीट होत नाही.

खर्चाच्या दृष्टीनेही स्वयंविभव सोयीचा आहे: सच्छिद्र मातीच्या भांड्यात मोरचुदाचे संपृक्त द्रावण, त्यात तांब्याची सळी, लांब तार आणि उच्च अंतर्रोधाचा व्होल्टमीटर एवढे पुरते. साधी लोखंडी सळी चालत नाही, कारण ती स्वतःच विभव निर्माण करते. याच कारणाने द्राक्षबागांमधील गंजलेले लोखंडी अँगल आणि तारा, तसेच पुरलेल्या पाइपलाइनी, यांच्यापासून मापनरेषा दूर ठेवावी. निफाड किंवा दिंडोरीत हे सोपे नाही, आणि तेथे केवळ स्वयंविभवावर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही. एक इलेक्ट्रोड संदर्भासाठी एकाच जागी पुरलेला ठेवावा, आणि रेषा फिरवून पुन्हा आरंभबिंदूवर आणून वाचनातील फरक तपासावा. तो काही मिलिव्होल्टांपेक्षा अधिक भरला, तर ती रेषा नव्याने मोजावी.