पंधरा महिने वापरलेलं बिलिंग ॲप: बिलाला उत्तम, खतावणीला कुलूप

३ ऑक्टोबर २०२५, दसऱ्याचा दुसरा दिवस. सकाळी दुकान उघडलं तेव्हा वालूरचे एक शेतकरी पायरीवर बसूनच होते. पोरानं पुण्याहून पैसे पाठवले होते. "वहिनी, माझं किती निघायलंय ते सांगा, फेडून टाकतो," म्हणाले. मी ॲप उघडलं. वर लाल पट्टी होती: मुदत संपली, नूतनीकरण करा. त्यांच्या नावापुढं २३,६४० हा आकडा दिसत होता, पण त्यावर बोट ठेवलं की पुन्हा तीच लाल पट्टी. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "पेरणीनंतर दोन बॅगा परत आणून दिल्या होत्या, त्या वजा केल्यात का?" मला सांगता आलं नाही. त्यांनी १५,००० दिले, "बाकीचं बगून सांगा" म्हणाले आणि गेले. चिडले नाहीत. पण उठताना एकदा माझ्याकडं आणि एकदा आबांच्या, माझ्या सासऱ्यांच्या, रिकाम्या गादीकडं त्यांनी जे पाहिलं, ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

आमचं परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं आणि थोडं ठिबकचं सामान. चाळीस वर्षं आबांनी कीर्द-खतावणी, म्हणजे रोजचा हिशोब आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं खातं, हातानं लिहिली. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि हिशोब माझ्याकडं आला. मी बी.कॉम. आहे, वहीची भीती नाही. पण ४१२ खाती आणि बिलावर चार-चार दराचा जीएसटी हातानं लिहिण्यात रात्रीचे अकरा वाजायला लागले. म्हणून हे ॲप घेतलं. ३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापनेच्या दिवशी वर्षाचे २,४०० रुपये भरले. ॲपचं नाव लिहीत नाही. शेजारच्या दोन दुकानांत दुसरी ॲप्स आहेत आणि त्यांचीही रड तीच आहे, त्यामुळं एकट्याचं नाव घेऊन उपयोग नाही.

चांगलं आधी सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. बिल पटकन होतं. बॅच नंबर आणि एक्स्पायरी एकदा भरली की औषधाच्या बाटलीची मुदत संपत आली हे ॲप महिनाभर आधी सांगतं. पहिल्याच वर्षी त्या सूचनेमुळं मी तीन खोकी वेळेत कंपनीला परत पाठवली. छोट्या थर्मल प्रिंटरवर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं यायची, पण सेटिंगमध्ये अक्षरं चित्र म्हणून छापण्याचा पर्याय सापडला आणि प्रश्न मिटला. छपाई थोडी हळू होते, एवढंच. युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना. ॲप ते आपोआप २६७ करायचं, आणि पन्नास पैशांवरून माणसं बरोबरच भांडायची. राउंड-ऑफ बंद केलं. खताची नोंद सरकारी पॉस मशीनवर अंगठा घेऊन वेगळी करावी लागते, ॲपमध्ये वेगळी. दुप्पट काम आहे, पण त्यात ॲपचा दोष नाही.

सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी सगळ्यांनी पाहिली. दुधना नदीचं पाणी शिवारात, लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही. असं सलग दोन दिवस चाललं. मला वाटलं ॲप बंद पडणार. पण फोनवर बिलं होत राहिली आणि रेंज आल्यावर सगळी कॉम्प्युटरवर जाऊन बसली. एकही बिल हरवलं नाही. त्या दिवसांत माणसं बिलासाठी नाही, दोरी-ताडपत्री अन् बोलायला येत होती. तरी जे विकलं गेलं त्याचा हिशोब राहिला. ज्यानं कुणी ही सोय केली त्याचे मी मनापासून आभार मानते.

त्याच आठवड्यात, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे दर बदलले. ठिबकचं सामान १२ वरून ५ टक्के. सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ वरून ५. निंबोळीवर आधारित औषधं, ट्रायकोडर्मा यांसारखी ठरावीक जैविक औषधं १२ वरून ५. रासायनिक कीटकनाशकं १८ वरच राहिली, खत ५ वरच. हातानं केलं असतं तर दोन दिवस गेले असते. ॲपमध्ये एकदम दर बदलण्याचा तक्ता होता, पाऊण तासात काम झालं. वार्षिक फीला माझा आधी विरोध होता. विकत घेतलेल्या वस्तूचं दर वर्षी भाडं कशाला द्यायचं, असं मी दुकानात चारचौघांत बोलले आहे. त्या दिवशी मत बदललं. कायदा बदलत राहतो, कुणीतरी बसून ॲप दुरुस्त करतं, त्या माणसाला पगार लागतो. दर वर्षी पैसे मागणं गैर नाही.

आणि अकरा दिवसांनी ते कुलूप.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले ते. मुदत संपल्यावर नवीन बिल करू देऊ नका, मला मान्य आहे. पण जुनी नोंद वाचू का देत नाही? ती नोंद मी लिहिली आहे. माल माझा, उधारी माझी, ज्याला दिली तो माझा शेतकरी. ॲपवाल्यांनी त्यात फक्त कागद दिला. आबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "वहीचं दुकान बंद पडलं तरी माझी वही मला वाचता येत होती की. वाचायला किराया मागायलेत?"

शुक्रवारी कस्टमर केअरला फोन केला. पलीकडची मुलगी नम्र होती, हिंदीत बोलत होती. मी म्हटलं, मला नूतनीकरण करायचं की नाही ते नंतर ठरवते, आधी माझी खतावणी एक्सेलमध्ये द्या. उत्तर मिळालं: आधी नूतनीकरण करा, मग तुम्हीच काढून घ्या. फी आता ४,२०० झाली होती, पहिल्या वर्षीचा दर नव्या ग्राहकाचा होता म्हणे. तीन वर्षांचे एकदम भरले तर सूट. शनिवार-रविवार गेला. सोमवारी पुन्हा तेच उत्तर. दारात माणसं येत होती. सोयाबीन पाण्यात गेलं होतं, कुणी अर्धे द्यायला तयार होतं, कुणी पुढच्या हंगामापर्यंत मुदत मागत होतं, आणि माझ्याकडं प्रत्येकाच्या नावापुढचा नुसता एकेक आकडा. वर्षभरात ज्या आठवड्यात खतावणी सगळ्यांत जास्त लागते नेमक्या त्याच आठवड्यात ती माझ्याकडं नव्हती. ६ तारखेला ४,२०० भरले. दहा मिनिटांत सगळं उघडलं. म्हणजे काही हरवलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. नुसती कडी लावलेली होती.

पैसे भरताना ऑटोपे, म्हणजे फी खात्यातून आपोआप कापली जायची सोय, चालू करायचा आग्रह होता. तो मी नाकारला. ज्यांनी चालू केलाय त्यांनी मँडेटवरची, म्हणजे कपातीला दिलेल्या परवानगीवरची, कमाल रक्कम जरूर वाचावी. फी ४,२०० असताना माझ्या पडद्यावर ती १५,००० दिसत होती. पंधरा हजारांपर्यंतची कपात दर वेळी पिन न विचारता होऊ शकते. कपातीच्या चोवीस तास आधी मेसेज यायला हवा असा नियम आहे, पण हंगामात आपण मेसेज वाचतो का?

उघडल्यावर पहिलं काम म्हणजे वालूरचं खातं. दोन बॅगा वजा नव्हत्या. चूक माझी होती. जूनच्या गर्दीत मी परतीची नोंद जमेला न घेता त्या बिलाच्या टिपेत लिहून ठेवली होती: "२ बॅगा परत, ५,६०० कमी करणे." म्हणजे खरी बाकी १८,०४०. त्यांनी १५,००० दिलेले, राहिले ३,०४०. फोन करून माफी मागितली. त्या दिवशी आकड्यावर विसंबून मी "हो, वजा केल्यात" म्हणाले असते तर एका शेतकऱ्याकडून साडेपाच हजार जास्तीचे घेतले असते, तेही पुराच्या वर्षात. म्हणून मला नुसती बाकी दाखवणं पुरत नाही. बाकी म्हणजे हिशोब नव्हे, ती कशी झाली हे दाखवता आलं पाहिजे.

मग मी सगळं बाहेर काढायला बसले. बॅकअपची फाईल मिळते, पण ती त्याच ॲपमध्ये उघडते. म्हणजे कुलूपबंद घराची किल्ली घरातच. खातेउतारा पीडीएफमध्ये मिळतो, एका वेळी एक खातं. ४१२ खाती. रोज रात्री चाळीस-पन्नास करत मी नऊ रात्री बसले. ऑक्टोबरात या अनुभवाचा मसुदा लिहिला होता तेव्हा "एक्सेल मिळतच नाही" असं लिहिलं होतं. ते वाक्य मागं घेते. डिसेंबरात पुण्याहून भाचा आला होता, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर "सर्व व्यवहार" नावाचा तक्ता दाखवला. तारखा टाकल्या की सगळ्या खात्यांची एकच एक्सेल फाईल निघते. मला आनंद झाला, नऊ रात्रींचं वाईटही वाटलं. कस्टमर केअरच्या तिघांपैकी एकानंही हे सांगितलं नव्हतं.

पण त्या फाईलमध्ये टीप येत नाही. आणि माझं अर्धं दुकान टिपेत आहे. आमच्याकडं एकाच गावात एकाच नावा-आडनावाची तीन-तीन माणसं असतात. वहीत आबा गावानुसार पानं करायचे आणि नावाखाली वडिलांचं नाव, वस्ती, ओळख लिहायचे. ॲपमध्ये गावाचा वेगळा रकाना नाही. शहर आणि पिनकोड आहे, आणि अख्ख्या पंचक्रोशीचा पिनकोड एकच. म्हणून गाव, वडील, "हळद विकल्यावर देणार", "भावाच्या नावावर नेलं" हे सगळं मी टिपेत लिहीत आले. फाईलमध्ये तीन सारख्या नावांपुढं तीन आकडे येतात आणि कोण कुठला ते कळत नाही. हे ॲप गावातल्या उधारीसाठी बनवलेलं आहे असं जाहिरातीत सांगतात. मग गावाचा रकाना हवाच. मी तीनदा लिहून कळवलं. "सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे", हे उत्तरही तीनदा आलं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा रकान्यावर काय अडून बसायचं. मी अडून बसणार. जीएसटी कायद्याचं कलम ३६ सांगतं की हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची. २०२४-२५ साठी ती मुदत ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे माझी ही बिलं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी हवीत. समजा उद्या मी दुसरं ॲप घेतलं. नुसतं जुनं वाचता यावं म्हणून सहा वर्षं ४,२०० प्रमाणे २५,२०० रुपये भरायचे? एवढ्या पैशात माझ्या दुकानाचं पुढचं शटर बदलून होतं.

दुसरीकडं असं नाही. आमचे करसल्लागार टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्याचा कायमचा परवाना घेतला की वार्षिक सेवा भरली नाही तरी आहे ती आवृत्ती चालते, नवीन सुधारणा तेवढ्या मिळत नाहीत. भाडं असावं तर असं. भाचा म्हणाला, युरोपात यावर कायदाच आहे. त्यांचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, त्यात अशा ऑनलाइन सेवा सोडून जाणाऱ्याला त्याची माहिती वापरता येईल अशा रूपात द्यावी लागते. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यात माहिती उचलून दुसरीकडं नेण्याचा हक्क नाही. २०१९ च्या मसुद्यात तो होता, नंतर गेला. पण आपल्याला हे नवीन थोडंच आहे? २०११ पासून आपण मोबाईलची कंपनी बदलतो आणि नंबर आपलाच राहतो. तेव्हाही कंपन्या हे अवघड आहे म्हणत होत्या. नंबर नेता येतो, तर चाळीस गावांची खतावणी का नाही?

सध्या मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोग होईल. दर रविवारी "सर्व व्यवहार" एक्सेल काढून पेनड्राइव्हवर ठेवते. गाव आणि वडिलांचं नाव आता खातेदाराच्या नावातच लिहिते, टिपेत नाही. नाव लांबलचक होतं, बिलावर दोन ओळी जातात, जाऊ देत. परतीचा माल त्याच क्षणी जमेला. आणि महिन्याच्या एक तारखेला बाकीची यादी गावानुसार छापून आबांच्या जुन्या फाईलला लावते. त्यांना आता नीट दिसतं. संध्याकाळी ते भिंगाशिवाय ती चाळतात आणि कुणाचं नाव चुकीच्या गावात गेलं असेल तर पेन्सिलनं खूण करतात. मागच्या महिन्यात चार खुणा निघाल्या.

नवीन घेणाऱ्यानं पैसे भरायच्या आधी फुकटच्या मुदतीतच पाच-दहा खोटी बिलं करावीत, ती टिपेसकट एक्सेलमध्ये निघतात का ते पाहावं, आणि मुदत संपल्यावर काय दिसतं हे लेखी विचारावं. मी विचारलं नव्हतं.

पाच पैकी तीन तारे. गावाचा रकाना दिला तर चार. मुदत संपल्यावर वाचायची आणि उतरवून घ्यायची मोकळीक दिली तर पाच देईन, आणि ४,२०० आनंदानं भरेन. माझी पुढची मुदत २ ऑक्टोबर २०२६ ला संपते. वालूरच्या त्या शेतकऱ्यांनी उरलेले ३,०४० डिसेंबरात आणून दिले आणि छापील उतारा मागून घेतला. काउंटरवरच बसून त्यांनी ओळ न् ओळ वाचली, परतीच्या दोन बॅगांवर बोट ठेवलं, आणि घडी करून खिशात टाकली.