फुंकर की लघवी? नोकरीतली दारूची चाचणी

फुंकरीची आणि लघवीची, दोन्ही दारूच्याच चाचण्या, पण फुंकायचं यंत्र, म्हणजे ब्रेथ ॲनालायझर, फक्त ‘आत्ता’चं बोलतो: या क्षणी अंगात दारू किती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादाही (१०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल) या ‘आत्ता’चीच. स्टेअरिंग किंवा विमान हाती घेणाऱ्याला हीच चाचणी हवी. निकाल लगेच मिळतो. एक खोट मात्र आहे: नुकतंच अल्कोहोलवालं माउथवॉश वापरलं असेल तर आकडा फुगतो. अशा वेळी १५ मिनिटांनी पुन्हा फुंकू द्या म्हणावं, लाजू नये.

लघवीची ईटीजी चाचणी दारू शोधतच नाही. शरीरात दारूपासून तयार झालेला पदार्थ ती शोधते, आणि तो दोन-तीन दिवसही सापडू शकतो. म्हणजे शनिवारी रात्री लग्नात प्यायलेला माणूस सोमवारी पूर्ण शुद्धीत असूनही अडकायचा! व्यसनमुक्तीच्या उपचारात ती उपयोगी; टेबलावरच्या नोकरीसाठी मात्र मला ती नसती चौकशी वाटते.

मुलाखतीआधी ‘धीर यावा’ म्हणून घेतलेला पेग दोन्हींत पकडला जाऊ शकतो. कॉफी, आंघोळ यांनी दारू लवकर उतरत नाही. वेलची वास झाकेल, यंत्राला काय त्याचं!